शोध नको, हंगाम हवा

दिवाळी सरते, गावोगावच्या मंडया आटोपतात, धानाची कापणी आणि मळणी उरकते, आणि भंडारा जिल्ह्यातल्या रिकाम्या बांध्यांमध्ये क्रिकेट सुरू होते. मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात. फलकावर पहिल्या बक्षिसाचा आकडा सगळ्यात मोठा असतो, त्याखाली उद्घाटकांचे फोटो आणि तळाशी नियम. मैदानावर मात्र खेळ खरा असतो. धाव घेऊन जीव तोडून चेंडू टाकणारी पोरे इथे कमी नाहीत, आणि त्यांचा चेंडू पाहून ‘हा पोट्टा आयपीएलमध्ये पाहिजे होता’ असे म्हणणारेही कमी नाहीत.

मग हा पोट्टा तिथे का पोचत नाही? याची दोन उत्तरे तयार असतात. पहिले म्हणजे आपल्याकडे तेवढी गुणवत्ताच नाही. दुसरे, जे अलीकडे अधिक मिरवले जाते, ते असे की गुणवत्ता भरपूर आहे, फक्त ती शोधणारा कोणी येत नाही. पहिले उत्तर आळशी आहे. दुसरे ऐकायला गोड आहे, पण ते जास्त घातक आहे, कारण त्यातून पुढाऱ्यांना, कंपन्यांना आणि टीव्हीवाल्यांना एक सोपा कार्यक्रम मिळतो. दोन दिवसांची शोधमोहीम घ्यायची, हजार पोरांना रांगेत उभे करायचे, दोघांना निवडायचे आणि बाकीच्यांना टी-शर्ट देऊन घरी पाठवायचे. माझे म्हणणे असे की लहान जागेतला खेळाडू मोठ्या लीगमध्ये जातो तो शोधला गेल्यामुळे क्वचित, आणि घराजवळ वर्षानुवर्षे नियमाने सामने खेळायला मिळाल्यामुळे बहुतेक वेळा. भंडाऱ्याला शोध नको, हंगाम हवा.

शोधमोहिमेची पुरेपूर परीक्षा आपल्याच देशात होऊन गेली आहे, तीही क्रिकेटच्या नव्हे तर बेसबॉलच्या निमित्ताने. जे. बी. बर्नस्टाइन या अमेरिकी क्रीडा-एजंटाने २००७-०८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा घेतली. कल्पना साधी होती. शंभर कोटींच्या देशात, जिथे प्रत्येक पोरगा चेंडू फेकतो, तिथे अमेरिकेच्या मेजर लीगला हवा तसा वेगवान हात सापडणारच. सुमारे ३७ हजार तरुणांनी भाग घेतला. त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. त्यांना अमेरिकेत टॉम हाऊस या नामवंत प्रशिक्षकाकडे पाठवले गेले, आणि २००८ च्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. यावर डिस्नेने २०१४ मध्ये चित्रपटही काढला.

चित्रपट जिथे थांबतो तिथून पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दिनेशला पायरेट्सने २०१० मध्ये सोडून दिले. रिंकू काही वर्षे खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये झगडला, दुखापतींनी बेजार झाला आणि शेवटी व्यावसायिक कुस्तीच्या मनोरंजनाकडे वळला. मेजर लीगचा एकही सामना दोघांना मिळाला नाही. दोष त्यांच्या मनगटाचा नव्हता. अमेरिकेतला किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधला पोरगा विसाव्या वर्षापर्यंत शेकडो सामने खेळलेला असतो. फलंदाज कोणत्या चेंडूला फसतो, धावपटू कधी तळ चोरतो, थकलेल्या खांद्याने कसे फेकायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. या दोघांना ते सगळे परक्या देशात, परक्या भाषेत, दोन-तीन वर्षांत शिकायचे होते. ३७ हजारांतून निवड झाली, पण निवडीच्या मागे एकही हंगाम नव्हता.

याच्या उलट ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आहे. तिथे बेसबॉल हा दुय्यम खेळ. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात रग्बी आणि तिथला फुटबॉल यांच्यामध्ये त्याला उभे राहायला जागा मिळणेच कठीण. मैदाने उसनी, प्रेक्षक तुरळक, वर्तमानपत्रात जागा चार ओळींची. तरीही आजवर तीसहून अधिक ऑस्ट्रेलियन खेळाडू अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये सिडनीजवळ वाढलेल्या ट्रॅव्हिस बझाना याला क्लीव्हलँड गार्डियन्सने मेजर लीगच्या त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) सगळ्यात पहिला उचलला. सगळ्या निवडीत पहिल्या क्रमांकावर जाणारा तो पहिलाच ऑस्ट्रेलियन.

या यादीच्या अगदी सुरुवातीला जो क्विन हे नाव आहे. त्याचा जन्म क्वीन्सलँडमधला, आणि मेजर लीगमधले त्याचे पदार्पण १८८४ चे. पण तो लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेला गेला आणि खेळ तिथेच शिकला. त्याच्यानंतरचा ऑस्ट्रेलियन म्हणजे क्रेग शिपली, आणि तो डॉजर्सकडून खेळला १९८६ मध्ये. मध्ये १०२ वर्षे गेली. या शंभर वर्षांत ऑस्ट्रेलियात चांगले हात जन्मले नाहीत असे कोण म्हणेल? ज्या देशाने जगाला इतके क्रिकेट गोलंदाज दिले तिथे हातांचा तुटवडा नव्हता. खेळाडू तिथे जन्मत होते, घडत नव्हते.

शिपलीनंतर मात्र रांग लागली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन बेसबॉल लीग सुरू झाली. ब्रिस्बेनचा डेव्ह निल्सन १९९२ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सकडून उतरला आणि १९९९ मध्ये ऑल-स्टार संघात निवडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. व्हिक्टोरियाचा ग्रॅम लॉइड न्यू यॉर्क यांकीजबरोबर १९९६ आणि १९९८ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिका, जिंकला. ही लीग १९९९ मध्ये पैशांअभावी बंद पडली. तरी खेळ मेला नाही, कारण तिच्या खाली राज्याराज्यांमधली क्लॅक्स्टन शील्ड स्पर्धा १९३४ पासून होती आणि तिच्याही खाली शहरांतले क्लब होते. २००१ पासून गोल्ड कोस्टवर मेजर लीगच्या मदतीने किशोरवयीन खेळाडूंची दरवर्षी अकादमी भरू लागली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने उपांत्य सामन्यात बलाढ्य जपानला १-० ने हरवले आणि रौप्यपदक घेतले. २०१० मध्ये लीग पुन्हा उभी राहिली, आणि तिचे वेळापत्रक मुद्दाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे ठेवले गेले. त्या महिन्यांत अमेरिकेचा हंगाम बंद असतो, त्यामुळे तिकडचे तरुण खेळाडू इकडे सरावाला येतात आणि स्थानिक पोरांना घरबसल्या वरच्या दर्जाचा खेळ पाहायला, खेळायला मिळतो.

या सगळ्याचा अर्थ पीटर मॉयलनच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. मिनेसोटा ट्विन्सने त्याला किशोरवयात करारबद्ध केले आणि दोन वर्षांत, १९९८ मध्ये, सोडून दिले. तो ऑस्ट्रेलियाला परतला आणि औषध कंपनीचा विक्रेता झाला. आपल्याकडे त्याची कथा इथेच संपली असती. पण तिथे क्लब बेसबॉल चालू होते, म्हणून तो नोकरी सांभाळून खेळत राहिला. पाठीच्या दुखण्याने चेंडू टाकण्याची पद्धत बदलावी लागली, ती त्याने तिथेच बदलली. २००६ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो ऑस्ट्रेलियासाठी उतरला, अटलांटा ब्रेव्हजने त्याच्याशी करार केला आणि २७ व्या वर्षी तो मेजर लीगमध्ये पोचला. पर्थच्या लिअम हेन्ड्रिक्सलाही एकामागून एक संघांनी सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या संघाने त्याला मुख्य संघातून काढले, आणि पुढच्याच वर्षी तो त्याच संघाकडून ऑल-स्टार ठरला. मॉयलनला १९९८ मध्ये जोखणारे अगदीच चुकले नसतील, तेव्हाचा मॉयलन कदाचित तेवढाच असेल. पण शोधमोहीम माणसाला एकदाच जोखते. हंगाम दरवर्षी जोखतो, आणि नापास झालेल्याला पुन्हा बसू देतो.

हाच हिशेब आता विदर्भाला लावून पाहू. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मला, १८९५ मध्ये. क्रिकेट तो नागपुरातच शिकला, पण १९२३ पासून इंदूरच्या होळकरांनी त्याला आश्रय दिला आणि पुढची मोठी कारकीर्द तिकडची झाली. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा नाणेफेकीला तोच गेला होता. त्यानंतर विदर्भाकडून रणजी खेळत कसोटी संघात पोचणारा पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव. ते साल होते २०११. मध्ये ७९ वर्षे. क्विन आणि शिपली यांच्यातल्या पोकळीसारखीच ही पोकळी, आणि कारणही तेच. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजीत होता, पण दुबळ्या संघांत गणला जाई. ज्याला वर जायचे त्याला मुंबई, बंगाल किंवा रेल्वेची वाट धरावी लागे.

उमेशची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, आणि बहुतेकांना ती शोधाची कथा वाटते. वडील खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार, पोराने सैन्य आणि पोलीस भरतीत नशीब अजमावले आणि तिथे जमले नाही. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता. मग एकाएकी रणजी, आयपीएल, भारताचा संघ. पण ‘एकाएकी’ या शब्दात बरेच काही गडप होते. नागपुरात विदर्भ जिमखान्यासारखे क्लब होते, क्लबांची गुझदर लीग होती, आणि त्या मैदानावर प्रीतम गंधेसारखा विदर्भाचा अनुभवी कर्णधार होता. त्याने या पोराचा वेग पाहिला आणि त्याच्यामागे उभा राहिला. २००८ मध्ये उमेश रणजीत उतरला, २०१० मध्ये दिल्लीच्या आयपीएल संघात गेला, २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी घेऊन भारताचा सर्वाधिक यशस्वी गोलंदाज ठरला आणि कसोटीत त्याने १७० बळी घेतले. वलनीचा पोरगा नागपूरच्या लीगपर्यंत बसने जाऊ शकत होता. तेच अंतर शंभर किलोमीटर असते तर? तोच वेग, तेच खांदे, आणि तो आज कुठल्यातरी गावात टेनिस बॉल स्पर्धेचा ‘मॅन ऑफ द सिरीज’ म्हणून ओळखला गेला असता.

उमेशच्या काळात आणि त्यानंतर विदर्भाने जे केले ते अधिक शिकण्यासारखे आहे. नागपूरजवळ जामठ्याचे मैदान झाले, अकादमी झाली, वयोगटांचे संघ नीट बांधले गेले. चंद्रकांत पंडितसारखा कडक प्रशिक्षक आणला. वासिम जाफर बाहेरून आला, पण त्याच्या शेजारी फैज फजलसारखी घरची माणसे होती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली. त्या सामन्यात हॅट-ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी शिकलेला इंजिनिअर होता. पुढच्याच वर्षी दुसरी रणजी आली. २०२४-२५ च्या मोसमात केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरी आली. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी मोसमातल्या बळींचा विक्रम केला आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावा काढल्या. जो संघ साठ वर्षे रणजीचा उंबरा झिजवत होता, त्याने आठ मोसमांत तीनदा करंडक आणला. विदर्भाच्या मातीत अचानक काही मिसळले नाही. खालपासून वरपर्यंत सामने वाढले.

यावर कोणी म्हणेल, हे नागपूरचे झाले, उपराजधानीचे कौतुक. त्याला अमरावतीचे उत्तर आहे. जितेश शर्मा अमरावतीचा. दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून आपण क्रिकेटकडे वळलो, असे त्यानेच मुलाखतीत सांगितले आहे. आयपीएलमध्ये मुंबईच्या संघात तो बाकावर बसून राहिला, मग पंजाबकडे आला, मग अकरा कोटींना बंगळुरूकडे. मे २०२५ मध्ये लखनऊविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या आणि आठवड्याभरात त्याच्या संघाने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. भारती फुलमाळी अमरावतीचीच, ती भारताकडून खेळली. हे अमरावतीत घडते यात नवल नाही. तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हुतूतूचे प्रात्यक्षिक दाखवले होते. ज्या गावात शंभर वर्षे मैदान आणि आखाडे चालू आहेत, तिथे वाढीव गुणांसाठी आलेला पोरगाही खेळाडू होऊन बाहेर पडतो. जिथे मैदान चालू नाही, तिथे खेळाडू व्हायला आलेला पोरगाही गुण घेऊन बाहेर पडतो.

भंडाऱ्याचा प्रश्न इथे येतो. जिल्ह्यात सात तालुके. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. म्हणजे जिथे कामगारांच्या वसाहती आणि खेळाचे संघ सहज उभे राहू शकतात अशा जागा आहेत. नागपूर साठ किलोमीटरवर आहे, पण लाखांदूरच्या पोराला तेच नागपूर जवळपास दुप्पट दूर पडते. शाळेतला मुलगा अधिकृतपणे खेळतो तो शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये. या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. तालुक्याला पहिला सामना हरला की त्याचे वर्ष संपले. असे दहावीपर्यंत चार-पाच वर्षे केले तर अधिकृत सामन्यांची बेरीज दोन हातांच्या बोटांवर येते. ज्याला आपण गुणवत्तेचा अभाव म्हणतो, तो पुष्कळदा सामन्यांचा अभाव असतो. आठ सामने खेळलेल्या पोराची तुलना अंधेरी किंवा दादरच्या मैदानावर ऐंशी सामने खेळलेल्या पोराशी करायची आणि निकाल प्रतिभेच्या नावावर फाडायचा, हा अन्याय आहे.

हिवाळ्यातल्या गावस्पर्धा ही पोकळी भरतील असे वाटते, पण त्या भरत नाहीत. त्यांचा जीव बक्षिसात असतो. रक्कम मोठी, म्हणून संघ बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणतो, आणि गावचा सोळा वर्षांचा पोरगा सीमारेषेबाहेर उभा राहतो. चेंडू टेनिसचा, षटके मोजकी, नोंदवही नावापुरती. सामना झाला की कोणी किती षटके टाकली, कोणाला बाद केले, हे कोणाला सांगता येत नाही. बेसबॉलवाल्यांकडून एक गोष्ट शिकावी ती नोंदीची. तिथे लहान गावच्या सामन्याचीही नोंद ठेवली जाते, म्हणून हजारो मैलांवर बसलेला निवडकर्ता पोराला न पाहताही त्याच्याबद्दल काही जाणतो. आपल्याकडे तलावाच्या पाळीवर बसलेल्या माणसाच्या आठवणीपलीकडे पुरावा नसतो. आणि आठवणीवर निवड होत नाही, झाली तर तिला वशिला म्हणतात.

आता आक्षेप. पहिला असा की गरीब घरच्या पोराला पाच-सहा हंगाम खेळत बसायला वेळ कुठे आहे? त्याला नोकरी हवी. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्याचे प्रमाणपत्र मिळाले की काम झाले. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आरक्षण असलेल्या राज्यात नोंदीचा हंगाम नसला की काय होते, ते आपण पाहिले आहे. खेळापेक्षा प्रमाणपत्राला भाव येतो आणि बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण उघडकीला येते. खऱ्या खेळाडूच्या हक्काची जागा कागदी खेळाडू खातो. नियमित सामने आणि चोख नोंदी असतील तर आरक्षणाचा लाभ ज्याचा त्यालाच मिळेल.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मोठ्या लीगचे स्वप्न दाखवणेच चूक नाही का? करार करून अमेरिकेला गेलेल्या ऑस्ट्रेलियन पोरांपैकी बहुतेक मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, खालच्या लीगमधूनच परतले. आयपीएलचेही तेच. शंभरातून एक पोचणार, मग नव्व्याण्णवांचे काय? पण हंगामाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा नेमका हाच आहे. शोधमोहिमेत नव्व्याण्णव लोक दुपारीच घरी जातात. हंगामात ते खेळत राहतात, पुढे पंच होतात, गुणलेखक होतात, शाळेत शिकवतात, एखादा मॉयलनसारखा परतून पुन्हा उभा राहतो. निल्सनने तर लीग बुडाल्यावर स्वतः ती विकत घेऊन चालवण्याचा प्रयत्न केला. मोठ्या लीगचे माणूस घराकडे परत येते तेव्हा त्याला यायला काहीतरी घर असावे लागते. धानाचे पऱ्हे टाकल्याशिवाय रोवणी होत नाही, आणि पऱ्ह्यातले प्रत्येक रोप बांधीत जाते असेही नाही, तरी पऱ्हे भरपूरच टाकावे लागते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, लाज आहे. डिसेंबरच्या बांध्यांमध्ये मुली जवळजवळ दिसत नाहीत. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या भारतीय संघात होती, म्हणजे विदर्भातली मुलगी तिथे पोचू शकते हे सिद्ध झालेले आहे. जो हंगाम आखला जाईल त्यात मुलींचे संघ पहिल्या वर्षीपासून नसतील तर तो अर्धाच हंगाम ठरेल, आणि नंतर कधीतरी जोडू म्हटलेल्या गोष्टी जोडल्या जात नाहीत.

हंगामाला लागते काय? हिशेब करून पाहा. सात तालुके, प्रत्येकी आठ संघ. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला तर प्रत्येकाला १४ सामने आणि तालुक्याला ५६ सामने. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांच्या शनिवार-रविवारी हे सहज बसते. मैदान कापलेल्या बांधीचे चालेल, मध्ये मॅटची खेळपट्टी टाकली म्हणजे झाले. उन्हाळी धान जिथे घेतात तिथे शाळेचे मैदान. चामडी चेंडू, संघापुरते पॅड आणि हेल्मेट, दोन शिकवलेले पंच, एक प्रामाणिक नोंदवही. गावस्पर्धांच्या फलकांवरची बक्षिसे एकत्र केली तर तालुक्याचा खर्च त्यातूनच निघेल असा माझा अंदाज आहे. क्रिकेटच पाहिजे असेही नाही. कबड्डी या जिल्ह्याच्या रक्तात आहे, तिचा असा हंगाम तर याहून स्वस्तात होईल.

म्हणून आमदार चषक, खासदार चषक भरवणाऱ्यांना, कारखान्यांच्या व्यवस्थापनांना, क्रीडा अधिकाऱ्यांना आणि गावच्या मंडळांना एकच विनंती. यंदा पहिल्या बक्षिसाचा आकडा निम्मा करा, उरलेल्या पैशात पंच आणि चेंडू आणा, आणि बाद पद्धत मोडून साखळी सामने ठेवा. शोधणाऱ्यांना बोलावण्याची गरज नाही. पाच वर्षे नियमाने सामने खेळले गेले आणि नोंदी चोख राहिल्या, तर निवडकर्त्यांना नागपूरहून साठ किलोमीटर यावेच लागेल.